भट्टीतले त्रैराशिक

‘लीलावती’ हा ग्रंथ भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिला. त्यात त्रैराशिकाचा महिमा सांगताना आचार्य म्हणतात की, भगवंताने जसे हे सारे विश्व व्यापले आहे तसे त्रैराशिकाने सारे गणित व्यापले आहे. विश्वात स्वयंपाकघरही आलेच. तेव्हा दिवाळीच्या आधीचे आठ दिवस कोणत्याही मराठी घरात डोकावले तर या वचनाचा पडताळा येतो. अर्धा किलो बेसनाला इतके तूप, तर पावणेदोन किलोला किती? त्रैराशिकाची पदे तीन : प्रमाण, फल आणि इच्छा. पुस्तकातले बेसन हे प्रमाण, त्याला सांगितलेले तूप हे फल, आणि आपल्याला घ्यावयाचे बेसन ही इच्छा. फलाला इच्छेने गुणावे, प्रमाणाने भागावे, की उत्तर हाती आले. गणितातल्या एका पदाला ‘इच्छा’ हे नाव देणाऱ्या आमच्या पूर्वजांना लाडू आवडत असले पाहिजेत, असा माझा तर्क आहे.

हे गणित लाडवाला लागू पडते, चकलीला पडते, चिवड्याला पडते. मग भट्टीत किंवा ओव्हनमध्ये भाजावयाच्या पदार्थांशीच त्याचे का बिनसते? सहा इंची डब्यात झकास फुगणारा केक वाढदिवसासाठी चौपट करावा, तर तो कडेने करपतो आणि मध्ये गिच्च राहतो. उलट पन्नास पानांची कृती चौघांपुरती खाली आणावी, तर पदार्थ कोरडा ठणठणीत निघतो. या साध्या घरगुती प्रश्नामागे अडीच-पावणेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. मला तो लढायांच्या इतिहासाइतकाच मनोरंजक वाटतो. कारण जुन्या कृतींपैकी काही आपल्यापर्यंत का पोहोचल्या आणि काही वाटेतच का हरवल्या, याचे उत्तर त्यात सापडते.

आरंभ इंग्लंडमधून करू. १७४७ साली लंडनमध्ये ‘द आर्ट ऑफ कुकरी’ या नावाने ओळखले जाणारे एक पुस्तक निघाले. त्यावर लेखिकेचे नाव नव्हते. ‘एका स्त्रीने रचलेले’ एवढेच छापले होते. ही स्त्री म्हणजे हॅना ग्लास. घरकाम करणाऱ्या सामान्य मुलींना समजेल अशा भाषेत तिने हे पुस्तक लिहिले. त्यात ‘पौंड केक’ची कृती आहे. एक पौंड लोणी मातीच्या भांड्यात हाताने एकाच दिशेने फेसावयाचे. ते दाट सायीसारखे झाले की त्यात १२ अंडी, पण पांढरे मात्र निम्म्यांचेच, एक पौंड मैदा, एक पौंड साखर आणि थोडे शहाजिरे घालावयाचे. मग हे सारे तासभर घोटावयाचे आणि कडक तापलेल्या भट्टीत आणखी तासभर भाजावयाचे. चार पौंडांचा, म्हणजे सुमारे १,८०० ग्रॅमचा हा केक. घोटणाऱ्या मुलीच्या दंडाची काय अवस्था होत असेल, याचा विचार त्या काळी कोणी केलेला दिसत नाही.

पण या कृतीचे खरे सामर्थ्य तिच्या नावात आहे. सगळे एकेक पौंड! म्हणजे पौंड हा शब्द पुसून तिथे पावशेर लिहा, छटाक लिहा, शंभर ग्रॅम लिहा. कृतीला धक्का लागत नाही. फ्रेंच लोक या जातीच्या केकला ‘कात्र-कार’ म्हणतात. त्याचा अर्थ चार चतुर्थांश, आपल्या भाषेत चार पाव. लोणी, साखर, मैदा, अंडी, प्रत्येकाचा वाटा पाव. वजन कोणते, देश कोणता, घरात माणसे किती, यांपैकी कशाशीच या कृतीला कर्तव्य नाही.

इंग्लिश गृहिणींनी तर याच्याही पुढची मजल गाठली. त्या तराजूच्या एका पारड्यात सालीसकट अंडी ठेवीत आणि दुसऱ्या पारड्यात एकदा लोणी, एकदा साखर, एकदा मैदा अंड्यांच्या भाराइतका तोलून घेत. वजनांची पेटी हरवली तरी अडत नाही! दोन अंडी असतील तर लहान केक, सहा असतील तर मोठा. व्हिक्टोरिया स्पंज नावाचा केक कित्येक घरांत आजही याच रीतीने होतो. कागदावर गुणाकार न करता केलेले हे त्रैराशिक पाहून आचार्यही संतुष्ट झाले असते.

आता याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण पाहू. १७९६ साली अमेरिकेत अमेलिया सिमन्स या बाईंचे ‘अमेरिकन कुकरी’ प्रसिद्ध झाले. अमेरिकन लेखकाने लिहिलेले हे पहिले पाकपुस्तक समजतात. मुखपृष्ठावर बाईंनी आपली ओळख ‘एक अमेरिकन अनाथ’ अशी करून दिली आहे. त्याच साली ऑल्बनीस निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत ‘इलेक्शन केक’ आहे. निवडणुकीच्या दिवशी गावोगावचे लोक शहरात जमत. त्यांच्या पाहुणचाराचा हा केक. सामग्री ऐका : ३० क्वार्ट मैदा, १० पौंड लोणी, १४ पौंड साखर, १२ पौंड मनुका, ३ डझन अंडी, शिवाय वाइन, ब्रँडी, दालचिनी आणि धने. पीठ रात्रभर यीस्ट घालून भिजवून ठेवावयाचे. नुसता मैदाच १५ किलोच्या आसपास भरतो. हा केक एका घराचा नव्हेच. तो एका गावाचा आहे.

चौघांच्या घरात त्याचे काय करावे? मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. ३० क्वार्ट मैद्याचा एक क्वार्ट करावा म्हणून सगळ्याला ३० ने भागू लागलो, तर अंडी आली एक पूर्णांक दोन दशांश! मैदा, साखर, लोणी यांना अपूर्णांक चालतो. अंड्याला मानवत नाही. म्हणून जुन्या गृहिणींप्रमाणे अंड्यालाच माप मानले आणि ३६ ने भागले. उत्तर आले ते असे : अंडे १, लोणी १२६ ग्रॅम, साखर १७६ ग्रॅम, मनुका १५१ ग्रॅम, दालचिनी ३ ग्रॅम आणि मैदा सव्वातीन कपांहून किंचित अधिक. गावाचा केक एका डब्यात मावला. ज्यांना अर्धे अंडे हवेच असेल त्यांनी ते फेटून घ्यावे आणि तोलून निम्मे घ्यावे. साल काढलेले मध्यम अंडे साधारण ५० ग्रॅम भरते.

असा हिशेब करणारा मी काही पहिला नव्हे. सिमन्सबाईंच्या पुस्तकानंतर बरोबर १०० वर्षांनी, १८९६ साली, बॉस्टनमध्ये निघालेल्या एका पुस्तकात हाच इलेक्शन केक पुन्हा भेटतो. तिथे लोणी आहे अर्धा कप, म्हणजे पाव पौंड. आणि रात्रभर आंबवण्याच्या खटाटोपाऐवजी घरात पावासाठी मळलेल्या कणकेतला एक कप गोळा घ्यावा असे सांगितले आहे. १० पौंडांचे पाव पौंड! चाळीस पायऱ्या उतरून हा केक गावच्या भट्टीतून घरच्या चुलीवर आला. पुढे निवडणुकीचा तो उत्सव मावळला आणि केकही बहुतेक घरांतून गेला. पण पुस्तकांत तो घरात मावेल अशा रूपात शिल्लक होता. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या सुमारास काही अमेरिकन बेकरांनी त्याला पुन्हा उजाळा दिला.

हे १८९६ चे पुस्तक म्हणजे फॅनी फार्मर यांचे ‘बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’. या बाईंची कथा सांगण्यासारखी आहे. १८५७ साली जन्मलेल्या फॅनीला ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर पक्षाघात झाला आणि शिक्षण थांबले. पुढे ती बॉस्टनच्या पाकशाळेत विद्यार्थिनी म्हणून गेली आणि तिथेच मुख्याध्यापिका झाली. पुस्तक खपेल असा भरवसा प्रकाशकांना नव्हता. पहिल्या आवृत्तीच्या ३,००० प्रतींचा खर्च बाईंना स्वतः सोसावा लागला. पुढे त्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या.

त्या पुस्तकाचे मर्म एका लहानशा कृतीत होते. कप चमच्याने भरावा आणि सुरीची पाठ फिरवून सपाट करावा. एवढेच! पण त्याआधी पाकपुस्तकांची भाषा ‘अंड्याएवढे लोणी’, ‘अक्रोडाएवढे लोणी’ अशी असे. आपल्याकडे ‘मूठभर’, ‘चिमूटभर’, ‘अंदाजाने’ म्हणत, तशातलाच प्रकार. मूठ कोणाची आणि अंदाज कोणाचा, हे आईजवळ उभे राहून शिकणाऱ्या मुलीला कळते. पण जिची आई दूर राहिली, जी लग्न होऊन परक्या शहरात दोन खोल्यांत आली, तिने काय करावे? सपाट कपाने तिला आईची मूठ दिली. शिवाय ज्याचे माप ठरले त्याचे निम्मे होऊ शकते, पाऊण होऊ शकते. अंदाजाचे निम्मे कसे करणार? अंदाजाला त्रैराशिक लागू नाही.

इथे आपल्या जुन्या मापांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अडशिरी किंवा अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. दर पायरीला दुप्पट! अमेरिकन मापेही तशीच : दोन कप म्हणजे पिंट, दोन पिंट म्हणजे क्वार्ट. दोन्हीकडच्या मापांत एक शहाणपण आहे. पदार्थ निम्मा करावयाचा असेल तर एक पायरी खाली उतरावे, दुप्पट करावयाचा असेल तर एक पायरी वर चढावे. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिलाही हे गणित येत होते, कारण ते पितळेच्या मापांतच घडवलेले होते.

दोष होता तो दुसराच. शेर हा वजनाचाही होता, आणि तो गावागणिक बदले. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा. त्याचा चाळिसावा हिस्सा म्हणजे शेर भरे सुमारे ३१७ ग्रॅम. ८० तोळ्यांचा पक्का शेर मात्र ९३३ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आता गंमत अशी की, कृतीत सगळे जिन्नस शेरातच दिले असतील तर शेर कोणताही घ्या, पदार्थ बिघडत नाही; फक्त थोडा किंवा फार होतो. पौंड केकचेच तत्त्व ते. पण ‘शेरभर रवा आणि पाच वेलदोडे’ असे लिहिले की घोटाळा झालाच म्हणून समजा. मोठ्या मापाऐवजी लहान माप घेतले तर धान्याच्या त्याच राशीची मापे वाढतात, हे ‘व्यस्त त्रैराशिक’ भास्कराचार्यांनी सांगूनच ठेवले आहे. अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा आणि आपल्याकडे मिळणारा बहुधा २५० चा. तेव्हा आजही परदेशी पुस्तकातली कृती करताना आचार्यांचा इशारा ध्यानात ठेवावा.

भारतात वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात शिरले. शेर गेला, पण मराठी माणसाने किलोचेही ‘पाव किलो’ आणि ‘अर्धा पाव’ करून निम्म्याची परंपरा चालू ठेवली. घरात मात्र तराजू क्वचितच असे; तिथे वाटी आणि चमचा यांचे राज्य टिकले. १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या या घरगुती प्रमाणालाच पुस्तकात मानाचे स्थान दिले. ते पुस्तक घरोघरी पोहोचले यात नवल नाही.

म्हणजे जिन्नसांचा प्रश्न सुटला. पण केक अजून कच्चाच आहे! कारण त्रैराशिक पिठाला लागू पडते, अग्नीला पडत नाही.

हे प्रथम गणिताने दाखवले ते गॅलिलिओने, १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात. अर्थात तो केकविषयी बोलत नव्हता. एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची सगळी दुप्पट केली तर तिचा पृष्ठभाग चौपट होतो आणि आतला ऐवज आठपट. केकला उष्णता मिळते ती पृष्ठभागातून आणि भाजावयाचा असतो तो आतला ऐवज. आठपट पिठाला चौपटच दारे! पुढे १८२२ साली फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने उष्णतेच्या प्रवासावर ग्रंथ लिहिला. त्याच्या समीकरणांप्रमाणे, नुसत्या वहनाने आत जाणाऱ्या उष्णतेला दुप्पट जाडी ओलांडावयास दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. तोवर कडांनी काय करावे? त्या करपतात.

डब्यांचा हिशेबही असाच फसवा आहे. गोल डब्याचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ६ इंची, ८ इंची आणि ९ इंची डब्यांत एकाच जाडीचा केक करावयाचा तर पिठाचे प्रमाण ३६, ६४ आणि ८१ असे पडते. म्हणून ८ इंची डब्यातली कृती निम्मी केली की ती ४ इंची डब्यात नव्हे, ६ इंची डब्यात जवळजवळ बरोबर बसते. आणि १२ इंची डबा ६ इंचीच्या चौपट पीठ मागतो. जाडी तीच ठेवली तर वेळ फारसा बदलत नाही. जाडी वाढवली तर मात्र आच मंद करावी आणि वेळ वाढवावा.

आच मंद करणे आज सोपे आहे. ग्लासबाईंच्या काळी भट्टीत हात घालून किंवा कागद ठेवून तो किती लवकर तांबूस होतो ते पाहत. गॅसच्या ओव्हनला आच आपोआप स्थिर राखणारी ‘रेग्युलो’ ही कळ इंग्लंडात आली ती १९२३ साली. फुगवणाऱ्या पुडीलाही इतिहास आहे. आपल्या पत्नीला यीस्ट सोसत नाही म्हणून बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली. तिचेही साधे त्रैराशिक चालत नाही. डबा जितका रुंद तितकी पावडर प्रमाणाने कमी हवी, हे रोझ लेव्ही बेरनबॉम यांनी १९८८ च्या ‘द केक बायबल’मध्ये कोष्टके देऊन सांगितले. मोठ्या केकचा मध्य उशिरा घट्ट होतो. तोवर वायूने फार फुगवून ठेवले तर मध्येच खड्डा पडतो.

हे सारे शास्त्र न वाचता ज्यांनी हा प्रश्न सोडवला त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. गोव्यातली बिबिंका पाहा. मैदा, साखर, नारळाचे दूध आणि अंड्यातले बलक यांचे पातळ पीठ. त्याचा एक पातळ थर ओतावयाचा, वरून निखाऱ्यांची आच द्यावयाची, तो भाजला की तूप सोडून दुसरा थर. बहुधा सात थर, हौस असेल तर सोळा. बिबिंका उंच करावयाची तर थर वाढवावयाचे; प्रत्येक थराची जाडी तीच आणि त्याला वेळही साधारण तेवढाच. दुप्पट उंचीला चौपट वेळ मागणाऱ्या फूरियेच्या नियमाला गोव्याच्या गृहिणीने दुप्पट वेळेत गप्प बसवले! २०२३ साली या बिबिंकेला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आणि आपली नानकटाई? घरी तूप-साखर फेसून, मैदा मिसळून गोळे करावयाचे आणि पत्र्यावर मांडून गल्लीतल्या बेकरीत भाजून आणावयाचे, ही महाराष्ट्रातल्या कित्येक गावांची दिवाळीची रीत. अर्धा किलोची करा नाहीतर पाच किलोची. गोळा तेवढाच, आच तीच, पत्रे मात्र वाढतात. निरनिराळ्या घरांचे पत्रे एकाच भट्टीत सुखाने भाजले जातात ते यामुळेच. पदार्थाचा आकार वाढवू नये, संख्या वाढवावी, हा नियम शहाण्या स्वयंपाकघरांनी सर्वत्र पाळला आहे. मोठ्या लग्नांतले केकसुद्धा मजल्यांवर मजले चढवूनच उभे राहतात.

या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. कृती मोठी करता आली नाही तर फार तर एखादा समारंभ बिघडतो. पण ती लहान करता आली नाही तर ती नाहीशी होते. पौंड केक आजवर टिकला तो वाटेल तेवढा लहान होतो म्हणून. इलेक्शन केक कोणीतरी चाळीस पायऱ्या खाली उतरवून ठेवला म्हणून पुन्हा सापडला. आपल्या घराघरांतही तीस पानांच्या पंगतीच्या कृती आहेत. वाड्यांची घरे झाली, घरांचे फ्लॅट झाले, तीस पानांची तीन पाने झाली. आणि ‘एवढ्याशाचे काय करावयाचे?’ असे म्हणत कित्येक पदार्थ मागे पडले. ते कठीण होते म्हणून गेले नाहीत. त्यांना कोणी भागले नाही म्हणून गेले.

यंदा फराळाला बसताना जवळ एक लहान तराजू आणि वही ठेवावी. आजी मुठीने रवा घालतील तेव्हा ती मूठ आधी पारड्यात रिकामी करवून घ्यावी. त्या थोडे रागावतील, मग कौतुकाने पाहतील. किती ग्रॅम भरली ते लिहावे. पातेले किती इंची, थर किती जाड, आच किती, वेळ किती तेही लिहावे, कारण तेवढ्यापुरते भास्कराचार्य मदतीला येणार नाहीत. बाकीचे त्रैराशिक तुमची नातवंडे कोणत्याही शहरात, कितीही लहान घरात मांडतील. प्रमाण आणि फल वहीत असले, की इच्छा त्यांची त्यांना होईलच.